सहा थांब्यांचं गाव

आम्ही अमेरिकेत, आयोवा सिटीत उतरलो तो दिवस १ ऑगस्टचा होता आणि गाव रस्त्यावर आलं होतं. फुटपाथवर सोफे, गाद्या, पुस्तकांची खोकी, एक आख्खा फ्रीज आणि त्याच्यावर चिकटवलेली चिठ्ठी: ‘चालू आहे, घेऊन जा.’ मला वाटलं एखाद्या इमारतीला आग लागली असेल. मागाहून कळलं की इथल्या बहुतेक विद्यार्थी-घरांचे भाडेकरार जुलैअखेरीस संपतात आणि नवे ऑगस्टच्या पहिल्याला सुरू होतात. मधली एक रात्र अर्धं कॉलेज सामानासकट बेघर असतं. कुणी मित्राच्या जमिनीवर झोपतं, कुणी भाड्याच्या ट्रकमध्ये. आमच्या घरातला पहिला सोफा त्याच रात्री नवऱ्याने आणि मी तीन चौक उचलून आणला. तो अजून आहे, एका पायाखाली पुठ्ठा घालून.

नवरा विद्यापीठाच्या रुग्णालयात संशोधनाला. माझा व्हिसा ‘अवलंबित’ या जातीचा, म्हणजे भाजी आणायची परवानगी आहे, पगार आणायची नाही. मी सांगलीची, तिथल्या शाळेत बारा वर्षं इतिहास शिकवलेला. पहिली थंडी खिडकीतून खारी बघण्यात गेली. मार्चमध्ये, नव्याने आलेल्या कुटुंबांना मदत करणाऱ्या एका छोट्या गटाकडे मी विनापगारी कामाला जायला लागले. डॉक्टरची वेळ कशी घ्यायची, शाळेचे अर्ज कसे भरायचे, असलं काम. या गटाची महिन्यातून एकदा गावाची पायी फेरी असायची. ती घेणाऱ्या गृहस्थांच्या बायकोला दुसऱ्या राज्यात प्राध्यापकी मिळाली आणि ते गेले. कॉलेजच्या गावात कामं अशीच रिकामी होतात, कुणाच्या तरी बायकोला किंवा नवऱ्याला कुठेतरी काहीतरी मिळतं. गटाच्या बाईंनी विचारलं, ‘तू इतिहासाची ना? घेशील?’

मी ‘हो’ म्हटलं. घरी येऊन नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, ‘तुला अजून पोस्ट ऑफिस सापडत नाही.’ खरं होतं ते.

मग सहा आठवडे मी सार्वजनिक वाचनालयात बसले. हे वाचनालय अगदी भर गावात, पेड मॉलवर आहे. पेड मॉल म्हणजे गाड्या बंद करून फक्त चालणाऱ्यांसाठी ठेवलेले काही चौक, झाडं आणि बाकं. जुनी वर्तमानपत्रं, नकाशे, गावाच्या शंभराव्या आणि दीडशेव्या वाढदिवसाच्या स्मरणिका, सगळं काढून मिळतं आणि कुणी ‘कशासाठी हवंय’ विचारत नाही. माझ्यासारख्या, अर्जाच्या तीन प्रती घेऊन दफ्तरखान्यात उभं राहायची सवय असलेल्या बाईला यानेच पहिल्या दिवशी गहिवरून आलं. एप्रिलअखेर माझ्याकडे सत्तावीस थांबे आणि एकोणीस पानं टिपणं झाली. १८३८ साली आयोवा हा वेगळा प्रदेश झाला तिथपासून सुरुवात होती, कारण सुरुवातीपासून सुरुवात करायची असते असं मी मुलांना बारा वर्षं सांगत आले होते.

तालमीला आमच्या शेजारच्या बाई आल्या. वय ऐंशीच्या पुढे, निवृत्त शाळामास्तरीण, जन्म इथलाच. त्यांची आजी बोहेमियातून, म्हणजे आजच्या चेक देशातून आलेली. ती वस्ती गावाच्या उत्तरेला होती आणि अंगणोअंगणी बदकांची मोठी भावंडं, म्हणजे गीझ पाळलेली, म्हणून तिला अजून ‘गूजटाउन’ म्हणतात. बाईंना मी नावाने हाक मारते, इथे तसंच चालतं, पण लिहिताना हात धजत नाही. तर बाई पहिल्या थांब्यावर हसून ऐकत होत्या. दुसऱ्यावर घड्याळ बघितलं. चौथ्यावर बाकावर बसून त्यांनी बूट काढले.

‘तू मला परीक्षेला बसवलंयस,’ त्या म्हणाल्या. ‘आणि मी नापास होतेय. मी इथे जन्मलेय तरी.’

त्या दिवशी त्यांनी जे शिकवलं ते मला बी.एड.ला कुणी शिकवलं नव्हतं. लोकांना उभं करताना ऊन तुझ्या डोळ्यांवर घे, त्यांच्या नको. बोलायला सुरुवात करण्याआधी शेवटचा माणूस पोचलाय ना ते बघ, तो नेहमी मुलाला घेऊन चालणारा बाप असतो. सुरुवात वाचनालयातून कर, कारण तिथे स्वच्छतागृह आहे. पाटीवर जे लिहिलंय ते सांगू नकोस, त्यांना वाचता येतं. बोट दाखवता येत नसेल अशी गोष्ट शक्यतो सांगू नकोस. आणि घोळक्यात तुझ्यापेक्षा जास्त माहिती असलेला कुणी निघाला तर गप्प बस आणि त्याला बोलू दे.

ही शेवटची सूचना मला अपमानकारक वाटली होती.

सत्तावीसाचे सहा करायला महिना गेला. सर्वांत जास्त भांडण झालं ते काळ्या देवदूतावरून. ओकलंड कब्रस्तानात साडेआठ फुटी ब्राँझचा एक देवदूत आहे, पंख पसरलेला, मान खाली. मूळचं ब्राँझ हवेने काळं पडलंय. हात लावला तर मरण, चुंबन घेतलं तर आणखी काहीतरी, असल्या गोष्टी दर पिढीतले विद्यार्थी पुढच्या पिढीला देऊन जातात. कब्रस्तान आमच्या वाटेपासून लांब, त्यामुळे ते कापणं भाग होतं. मला राहवत नव्हतं, कारण मागची खरी बाई भुतापेक्षा मोठी आहे. तेरेसा फेल्डेवर्ट, बोहेमियातून आलेली, इथे सुईणीचं काम करायची. १८९१ मध्ये तरुण मुलगा गेला. पुढे १९११ मध्ये नवराही गेला. तिने शिकागोच्या मारिओ कोर्बेल या शिल्पकाराकडून हा पुतळा करून घेतला. ती स्वतः १९२४ मध्ये वारली, पण दगडावर तिच्या जन्माचं साल आहे आणि मृत्यूची जागा कोरीच राहिली. गावातली कितीतरी बाळं जिच्या हातावर आली, तिच्या नावावर आता लोक भुताटकी सांगतात. बाई म्हणाल्या, ‘ती गोष्ट कुणीही सांगेल. तू कोणी सांगत नाही ते सांग.’ देवदूत कापला. अजून प्रत्येक फेरीत कुणीतरी त्याच्याबद्दल विचारतंच आणि मी फक्त बस कुठली जाते ते सांगते.

मग उरलेले सहा: वाचनालय, एंगलर्ट थिएटर, पुस्तकांचं दुकान, आयोवा ॲव्हेन्यू, ओल्ड कॅपिटॉल (जुनं विधानभवन) आणि नदीवरचा पूल. सगळं मिळून मैलाच्या आत. वेळ दीड तास, कारण लहान मुलं.

एंगलर्टशी मी फार थांबत नाही. १९१२ चं नाटकगृह, पुढे सिनेमाचं, ते बंद पडल्यावर बारवाले टपले होते. शेवटी गावाने पैसे गोळा करून २००४ साली पुन्हा नाटकं-गाणी सुरू केली. गंमत म्हणजे एंगलर्ट हे नाव मूळचं बिअर गाळणाऱ्यांचं. एकोणिसाव्या शतकात उत्तर भागात तीन मोठ्या भट्ट्या होत्या, रस्त्याखाली बिअर थंड ठेवायच्या दगडी गुहा होत्या, आणि १८८४ मध्ये राज्यात दारूबंदी आली तेव्हा या मंडळींनी रीतसर दंगल केली होती. आताही हे गाव पिण्यात मागे नाही. २०१० पासून रात्री दहानंतर एकवीस वर्षांखालच्यांना बारमध्ये प्रवेश नाही, हा नियम गावात किती वेळा मतदानाला गेला ते ऐकलं की कळतं इथे कुठला प्रश्न ज्वलंत आहे.

ओल्ड कॅपिटॉल मात्र मला पहिल्यापासून जमलं. कारण तिथली गोष्ट मला घरची वाटते. सांगलीच्या माणसाला राजधानी गेलेलं गाव म्हणजे काय ते समजावून सांगावं लागत नाही.

१८३९ मध्ये नव्या आयोवा प्रदेशाला नवी राजधानी हवी होती. चॉन्सी स्वान नावाच्या आयुक्ताने नदीकाठच्या टेकाडावर जागा ठरवली. गाव नव्हतंच, आधी राजधानी ठरली आणि मग गाव आखलं. ४ जुलै १८४० ला कोनशिला बसली. दगड जवळच्या खाणीतला, चुनखडीचा. १८४२ पासून इमारत अर्धवट अवस्थेतच वापरायला घेतली. विष्णुदास भावे सांगलीत पहिलं मराठी नाटक उभं करत होते त्या सुमाराला इथे आमदार मंडळी पुऱ्या न झालेल्या जिन्यावरून वरखाली करत होती. १८४६ च्या डिसेंबरात आयोवा राज्य झालं आणि दोनच महिन्यांत, २५ फेब्रुवारी १८४७ ला, नव्या विधिमंडळाने विद्यापीठाचा कायदा केला. विद्यापीठाकडे तेव्हा ना इमारत ना विद्यार्थी. वर्ग भरायला १८५५ उजाडलं, तेही भाड्याच्या जागेत. पण भरले तेव्हा मुलगे आणि मुली बरोबरीने घेतल्या. अमेरिकेतल्या सरकारी विद्यापीठांत हे पहिलं.

वस्ती पश्चिमेकडे सरकत होती. राजधानी राज्याच्या मध्यावर हवी म्हणून १८५७ मध्ये ती डे मॉइनला गेली. कागदपत्रं गाड्यांवर आणि बर्फावरच्या घसरगाड्यांवर लादली, जड तिजोऱ्या बैलांकडून ओढवत नेल्या. रिकामी झालेली इमारत विद्यापीठाला मिळाली. त्याची स्वतःची ही पहिली कायमची वास्तू.

हे सगळं मी आता तीन मिनिटांत सांगते आणि लोकांना आत जिन्याखाली उभं करते. ओल्ड कॅपिटॉलचा जिना गोल फिरत वर जातो, कुठे खांबाचा आधार दिसत नाही. ‘वर बघा,’ एवढंच म्हणायचं. मुलं लगेच पाठीवर आडवी होतात. तिथे मी दुसरी गोष्ट सांगते. २० नोव्हेंबर २००१ ला घुमटाचं नूतनीकरण चालू असताना जुना रंग काढताना आग लागली आणि सोनेरी घुमट घंटेसकट गेला. खालच्या इमारतीत पाणीच पाणी झालं. नवा घुमट बसवून, त्याच्यावर सोन्याचा वर्ख चढवून, संग्रहालय पुन्हा उघडायला २००६ साल आलं. त्याच वर्षी १३ एप्रिलला, ईस्टरच्या आधीच्या गुरुवारी, संध्याकाळी वावटळ गावातून गेली आणि सेंट पॅट्रिक चर्चचं छप्पर घेऊन गेली. आतले लोक शेजारच्या तळघरात पोचले म्हणून वाचले. आणि दोन वर्षांनी पूर. २००१, २००६, २००८. बाई हे तीन आकडे आपल्या नातवंडांच्या जन्मसालांसारखे सांगतात. सगळ्या टिपणांमधल्या एवढ्याच तारखा लोकांच्या लक्षात राहतात असा माझा अनुभव, कारण त्या दिवशी आपण कुठे होतो ते सांगणारा माणूस अजून रस्त्यात भेटतो.

आयोवा ॲव्हेन्यूवर माझा पहिला मोठा पचका झाला. या रस्त्याच्या फुटपाथमध्ये ब्राँझच्या पट्ट्या बसवल्यात, आयोवाशी संबंध असलेल्या लेखकांच्या. १९३६ मध्ये इथे लेखन-कार्यशाळा सुरू झाली. कविता-कथा लिहून पदवी मिळवता येते हे अमेरिकेत या विद्यापीठाने रुजवलं. युद्धानंतर विद्यार्थी इतके वाढले की वर्ग नदीकाठच्या लष्करी बराकींमध्ये भरत. फ्लॅनरी ओ’कॉनर इथे शिकली, कर्ट व्हॉनेगट इथे शिकवत होता. २००८ मध्ये युनेस्कोने ‘साहित्यनगरी’ म्हटलं, एडिंबरा आणि मेलबर्ननंतर जगातली तिसरी. मी नावं घेत होते आणि समोर सुदानचं एक कुटुंब, काँगोची दोन, एक व्हिएतनामी तरुण, बीजिंगहून मुलाकडे आलेली आजी असे उभे होते. एकाही नावाला कुणाचा चेहरा हलला नाही. आपल्याकडे कुणी परक्याला टिळक रोडवर उभं करून साने गुरुजी, खांडेकर, मर्ढेकर म्हणत सुटावं, तसं.

घाम फुटला तेव्हा शेवटचं टिपण सहज वाचलं. १९६७ मध्ये कार्यशाळेचे जुने संचालक पॉल एंगल आणि ह्वालिंग नीए यांनी जगभरच्या लेखकांना इथे बोलावून काही महिने राहायला, लिहायला देणारा आंतरराष्ट्रीय लेखन कार्यक्रम सुरू केला. ‘ह्वालिंग नीए’ म्हटल्याबरोबर बीजिंगच्या आजींनी मुलाचा हात धरून काहीतरी विचारलं. मग त्या बोलायला लागल्या आणि मुलगा भाषांतर करायला लागला. त्यांनी तिच्या कादंबऱ्या वाचल्या होत्या. ही बाई चीनमध्ये जन्मली, तैवानला गेली, तिथून आयोवाला, आणि याच गावात एंगलशी लग्न केलं. जेव्हा चीनचे आणि तैवानचे लेखक एकमेकांना भेटूच शकत नव्हते तेव्हा ते या मक्याच्या राज्यात तिच्या घरी भेटले. आजी दहा मिनिटं बोलल्या. मी शेजारच्या बाईंची सूचना आठवून तोंड मिटून उभी होते आणि माझ्या सगळ्या फेरीतली ती सर्वांत चांगली दहा मिनिटं होती.

त्या दिवसापासून तिथे मी नावांची माळ ओढत नाही. कोण कुठल्या भाषेचं आहे ते आधी विचारून ठेवते. मराठी कुणी असलं तर सांगते की तुकोबांना इंग्रजीत नेणारे दिलीप चित्रे १९७५ साली याच कार्यक्रमासाठी आले आणि दोनेक वर्षं बायको-मुलासह इथे राहिले. मग पुस्तकांच्या दुकानाकडे बोट दाखवते. प्रेअरी लाइट्स, १९७८ पासूनचं. वाचन ऐकायला इथे तिकीट नसतं. वरच्या मजल्यावर खुर्च्या मांडलेल्या असतात, जगाच्या कुठल्यातरी कोपऱ्यातला माणूस घसा साफ करून वाचतो आणि पहिल्या रांगेत हमखास कुणीतरी स्वेटर विणत बसलेलं असतं. पहिल्या थंडीत मला हे कुणी सांगितलं असतं तर खारी कमी बघितल्या असत्या.

याच रस्त्यावर पाठ फिरवून पूर्वेला तोंड करायला सांगते. रस्ता सरळसोट जातो. आठ-नऊ चौक पुढे, ९४२ नंबरचं एक लाकडी घर आहे. तिथपर्यंत लहान मुलं नेता येत नाहीत, म्हणून इथूनच सांगावं लागतं. बोट दाखवता येत नाही ते सांगू नकोस, हा बाईंचा नियम मी फक्त इथे मोडते आणि त्यांनीही हरकत घेतली नाही.

१८५५ पासून मुलींना बरोबरीने घेणाऱ्या विद्यापीठाच्या वसतिगृहांत कृष्णवर्णीय मुलींना जागा नव्हती. वर्गात या, परीक्षा द्या, झोपायचं तुमचं तुम्ही बघा. १९१९ मध्ये आयोवाभरच्या कृष्णवर्णीय स्त्रियांच्या मंडळांनी पैसे जमवून ते ९४२ नंबरचं घर विकत घेतलं आणि मुलींची सोय केली. विद्यापीठाच्या वसतिगृहाचं दार पाच कृष्णवर्णीय मुलींसाठी उघडायला १९४६ उजाडलं. तोवर एलिझाबेथ कॅटलेट ही कृष्णवर्णीय शिल्पकार इथे येऊन, शिकून गेली होती. ती आली कारण ग्रँट वुड इथे चित्रकला शिकवत होता, तोच तो, घरासमोर दाताळं घेऊन उभा राहिलेला शेतकरी रंगवणारा. त्याने तिला सांगितलं, तुला जे सर्वांत जास्त माहीत आहे ते कर. तिने चुनखडीच्या दगडातून आई आणि मूल घडवलं. १९४० मध्ये शिल्पकलेतली इथली ही सर्वोच्च पदवी मिळवणाऱ्या पहिल्या काही जणांत ती होती. जिला वसतिगृहात खाट मिळाली नाही, तिचं नाव २०१७ साली उघडलेल्या नव्या वसतिगृहाला दिलंय. हे ऐकून एका काँगोच्या मुलीने विचारलं, ‘तिला माहीत आहे का?’ कॅटलेट २०१२ मध्ये वारली. मी ‘नाही’ म्हटलं आणि पुढे काय बोलावं सुचलं नाही, म्हणून चालायला लागले.

सप्टेंबरातली फेरी मी शनिवारी दहाला ठेवली. तारीख ठरवताना कॅलेंडर बघितलं, पाऊस बघितला, माझी एकादशीसुद्धा बघितली. फुटबॉल बघितला नाही. त्या दिवशी किनिक स्टेडियमवर विद्यापीठाच्या संघाचा घरचा सामना होता, अकराला सुरू. गावाची लोकसंख्या पंचाहत्तर हजारांच्या आसपास आणि स्टेडियममध्ये माणसं मावतात एकोणसत्तर हजार. सकाळी सातपासून सगळे रस्ते काळ्या-पिवळ्या कपड्यांनी भरलेले, लोकांनी आपापल्या हिरवळी पार्किंगला भाड्याने लावलेल्या, गाडीच्या मागच्या दारात शेगडी मांडून सॉसेजेस भाजणं चाललेलं. यालाच टेलगेटिंग म्हणतात. आमच्या बसचा मार्ग बदललेला. सोळा जणांनी नावं दिली होती, पोचले चार. त्यातला एक सामन्याचं तिकीट असलेला होता आणि चुकून आमच्यात आला होता.

फेरी सोडून दिली आणि आम्ही सगळे गर्दीच्या मागोमाग नदी ओलांडून गेलो. चौघांतली एक बाई बालरुग्णालयात सफाईचं काम करणारी. तिने मला जे दाखवलं ते माझ्या एकोणीस पानांत नव्हतं. स्टेडियमला अगदी लागून मुलांचं रुग्णालय आहे, वरच्या मजल्याच्या खिडक्यांतून मैदान दिसतं. २०१७ पासून पहिला पाव हिस्सा खेळ संपला की सगळं स्टेडियम, दोन्ही संघांचे खेळाडू आणि पंचसुद्धा, मागे वळून त्या खिडक्यांकडे हात हलवतात. ती म्हणाली, ‘वरून बघ कधी. मी काच पुसायची राहते.’ ज्याच्या नावाचं स्टेडियम तो नाइल किनिक, १९३९ चा देशातला सर्वोत्तम खेळाडू, नौदलाचं विमान सरावासाठी उडवताना १९४३ मध्ये समुद्रात पडून गेला. चोविसाव्या वर्षी. ही माहिती माझ्याकडे होती. खिडक्यांची नव्हती.

ऑक्टोबरची फेरी मग रविवारी. अकरा जण, हवा सोन्यासारखी, मेपलची पानं लाल. शेवटचा थांबा स्टुडंट युनियनच्या मागचा नदीवरचा पादचारी पूल. तिथे मी २००८ चा पूर सांगते. १५ जूनला आयोवा नदी साडेएकतीस फुटांवर गेली. १९९३ चा मोठा पूर याच्यापुढे तीन फूट कमी होता. विद्यापीठाच्या वीसेक इमारतींत पाणी शिरलं. हँचर हे मोठं प्रेक्षागृह गेलं ते गेलंच, नवीन उंचावर बांधायला २०१६ साल आलं. कलासंग्रहालयातली चित्रं पाणी यायच्या आत हलवली, त्यात जॅक्सन पोलॉकचं वीस फूट लांबीचं भित्तिचित्र होतं. पेगी गुगेनहाइमने १९४३ मध्ये न्यूयॉर्कच्या आपल्या घरासाठी करून घेतलेलं आणि १९५१ मध्ये या विद्यापीठाला देऊन टाकलेलं. चौदा वर्षं ते चित्र गावोगाव पाहुणं राहिलं. २०२२ च्या ऑगस्टमध्ये नवं संग्रहालय उघडलं तेव्हा घरी आलं.

मी ‘मुख्य ग्रंथालयाच्या तळघरातली पुस्तकं वाचवायला माणसांची साखळी’ इतकंच म्हटलं होतं, तेवढ्यात मागे उभे असलेले एक गृहस्थ म्हणाले, ‘मी त्यात होतो.’ सुनेला सोबत म्हणून आले होते, आतापर्यंत अवाक्षर बोलले नव्हते. मी बाजूला झाले.

ते सांगत होते, जिन्याच्या प्रत्येक पायरीवर एक माणूस, पुस्तक खालून वर हातोहात. शेजारी कोण आहे ते बघायला वेळ नव्हता. दुसऱ्या दिवशी कळलं की तीन तास आपल्याला पुस्तकं देणारा माणूस आपल्याला नापास केलेला प्राध्यापक होता. सगळे हसले. त्यांनी पुस्तकं घ्यायची आणि द्यायची लय हातांनी करून दाखवली, डावीकडून उजवीकडे, आणि एक लहान मुलगा त्यांच्या शेजारी उभा राहून तेच करायला लागला. मग त्याची बहीण. मग पुलावर चार-पाच जण हवेतली पुस्तकं एकमेकांना देत उभे होते.

दीड तास केव्हाच होऊन गेला होता. गृहस्थांनी कठड्यावर हात टेकला आणि मला विचारलं, ‘तुमच्या गावाला नदी आहे?’

‘आहे. कृष्णा,’ मी म्हटलं. ‘आमच्याकडे आयर्विन पूल आहे, पावसाळ्यात सगळं गाव एकमेकांना तेवढंच विचारतं, आयर्विनला किती फूट. पंचेचाळीसला धोका. २०१९ मध्ये सत्तावन्नच्या वर गेलं. माझी आई चार दिवस दुसऱ्या मजल्यावर होती.’

‘आणि पुस्तकं?’

माझ्या शाळेच्या वाचनालयाची खोली तळमजल्यावर होती. मी त्यांना त्या खोलीचं सांगायला लागले, तोवर माझी बस निघून गेली.